उतरलेलं पाणी

प्लंबर आणि त्याच्या बायकोचा मोठा भाऊ चार महिने एकमेकांशी बोलत नव्हते, आणि भांडणाचं कारण होतं बाथरूमची फरशी. दादाने हौसेने नवीन फरशी बसवून घेतली होती. प्लंबरने खाली वाकून कोपऱ्यातला सांधा अंगठ्याने दाबून पाहिला आणि म्हणाला, "दादा, हे उखडावं लागेल. आत पाणी मुरतंय."

दादा ड्रायव्हिंग शिकवायचा. वीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून, पायाशी स्वतःचा वेगळा ब्रेक ठेवून, तो लोकांना त्यांच्या चुका सांगत आला होता. आपली चूक कुणी सांगावी याची त्याला सवयच उरली नव्हती. "जावईबापू, तुम्हाला जिकडे तिकडे गळतीच दिसते," असं म्हणून त्याने विषय उडवून लावला. तीन आठवड्यांनी खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या स्वयंपाकघराचं छत खाली आलं, नेमकं शेगडीवर. बाई बाहेर गेल्या होत्या म्हणून निभावलं.

"मी म्हणालो होतो," असं प्लंबर एकदाही म्हणाला नाही. पण तो बरोबर निघाला होता, आणि दादाला तेवढंच खुपलं.

शेवटी प्लंबरच्या बायकोने पुढाकार घेतला. ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला होती. दिवसभर प्लास्टरच्या जबड्यांच्या संगतीत काढायची, त्यामुळे तोंडं मिटून बसलेली माणसं तिला नवीन नव्हती. शुक्रवारी दुपारी तिने नवऱ्याला फोन केला तेव्हा तो एका सात मजली इमारतीच्या तळघरात, पंपाच्या खोलीत, गुडघ्यांना रबरी गाद्या बांधून पाइपाखाली आडवा झाला होता.

"उद्या पहाटे निघायचंय," ती म्हणाली. "दादाने दोन होड्या घेतल्यात. डोंगरातल्या नदीवर. शनिवारी तंबू ठोकायचा, रविवारी संध्याकाळी परत."

"तो मला बोलावतोय?"

"मी बोलावतेय. तो नाही म्हणाला नाही."

"नाही म्हणणं आणि हो म्हणणं यात..."

"अहो, चार महिने झाले. माझा एकच भाऊ आहे. आणि एक सांगते, तिथे काही गळत असलं तरी तोंड उघडू नका."

ती हे हसत म्हणाली होती. तोही हसला.

शनिवार छान गेला. डोंगरांच्या माथ्यावर बर्फ होतं आणि खाली झाडांना कोवळी, जवळजवळ पिवळी पालवी फुटली होती. नदी दोन्ही काठ भरून धावत होती, हिरवट आणि इतकी गार, की वल्ह्यावरून हातावर ओघळलेल्या पाण्याने बोटं बधिर व्हायची. दादा पुढच्या होडीत एकटा, मागच्या होडीत नवरा-बायको. दादा मान वळवून सूचना देत होता. "डावीकडून मारा! आता सोडा! अहो जावईबापू, होडी आहे ती, पाइप नाही, पिळू नका!" चार महिन्यांतलं त्याचं हे पहिलं वाक्य. मागे बसलेल्या बायकोने नवऱ्याच्या पाठीला हळूच वल्हं टेकवलं. बघा, झालं की नाही, असा त्याचा अर्थ.

दुपारी जेवायला थांबले तिथे एक म्हातारं जोडपं भेटलं. त्यांची जुनी हिरवी होडी होती, तिच्यावर ठिकठिकाणी डागडुजीचे पट्टे. आजोबा टपालखात्यातून निवृत्त झालेले. डोक्यावरची टोपी त्यांनी हनुवटीखाली नाडीने बांधली होती. आजी शिवणकाम करायच्या. "चाळीस वर्षं पत्रं वाटली मी," आजोबा म्हणाले, "पण ही नदी कुठल्या पत्त्यावर जाते ते कधी बघितलं नव्हतं." आजींनी सगळ्यांना थर्मासमधला चहा दिला आणि प्लंबरच्या शर्टाचं लोंबणारं बटण पाहून, नको नको म्हणत असताना, तिथल्या तिथे टाका घालून दिला. आम्ही आणखी तासभर खाली जाणार, असं त्यांनी सांगितलं. तिथे नदीच्या मधोमध एक बेट आहे, सपाट, वाळूचं. रात्री तिथेच तंबू लावणार. हात हलवत ते वळणाआड गेले.

ही तिघं थोडं पुढे जाऊन उजव्या काठावर थांबली. पाण्याला लागून गोटे आणि वाळू, मागे चढणीवर दाट झाडी. तंबू लावत असताना, पाचच्या सुमाराला, वरच्या अंगाने आवाज आला. लांबून, जड, बराच वेळ चाललेला. पायाखालच्या गोट्यांमधून तो तळव्यांना जाणवला. आभाळ निरभ्र होतं.

"वर कुठेतरी खाण असेल," दादा म्हणाला. "सुरुंग लावला असेल."

शनिवारी संध्याकाळी? प्लंबरच्या मनात आलं, पण ते मनातच राहिलं. दादा त्याच्या हातात खुंटी देत होता आणि म्हणत होता, "तुम्ही ठोका, तुमचा हात पक्का आहे." एवढ्याशा वाक्यासाठी तो चार महिने थांबला होता.

रविवारी सहाच्या सुमाराला त्याला जाग आली. काहीतरी कमी होतं, पण काय ते कळेना. बायको शेजारी झोपलेली, बूट जागेवर. मग लक्षात आलं. नदीचा आवाज गेला होता.

तो बाहेर आला. उजाडलं होतं. आदल्या संध्याकाळी होड्या पाण्याच्या कडेला, नाकं जवळजवळ पाण्यात, अशा बांधल्या होत्या. आता त्या कोरड्या गोट्यांवर आडव्या पडल्या होत्या आणि पाणी तिथून वीस-बावीस पावलांवर गेलं होतं. मधले सगळे दगड काळे, ओले, शेवाळलेले. खळग्यांतून मासे तडफडत होते. कावळ्यांसारखे काळे पक्षी, पंधरा-वीस तरी, दगडांवर उतरले होते आणि अजिबात आवाज न करता खात होते.

प्लंबर तिथेच गुडघे मुडपून बसला. सव्वीस वर्षांच्या धंद्यात त्याला एक गोष्ट पक्की कळली होती. नळाची धार बारीक झाली की लोक म्हणतात, पाणी गेलं. पाणी जात नाही. ते कुठेतरी अडलेलं असतं, आणि अडलेल्या जागी त्याचा दाब वाढत असतो. कालचा आवाज त्याच्या तळव्यांना पुन्हा जाणवल्यासारखा झाला. दरड. वर कुठेतरी अर्धा डोंगर नदीत येऊन बसला असणार, आणि त्याच्यामागे रात्रभर, सगळ्या वितळलेल्या बर्फाचं पाणी चढत असणार.

मग त्याने स्वतःचीच उलटतपासणी घेतली. नदीतलं तुला काय कळतं? रात्री गारठ्याने बर्फ वितळायचं थांबत असेल, पहाटे पाणी उतरत असेल. डोंगरातल्या माणसांना हे रोजचं असेल.

साडेसहाला दादा तंबूतून बाहेर आला, आळस दिला, नदीकडे बघितलं आणि शीळ घातली. "वा! रात्री थंडीत बर्फ थिजतं ना, सकाळी पाणी उतरतंच. दुपारपर्यंत येईल परत. तोवर हाताने मासे धरू. काय जावईबापू, गुडघे काय म्हणतायत?"

"बरे आहेत."

"चहा टाका मग. तुमच्या हातचा चहा प्यायला नाही कितीतरी दिवसांत."

त्याने चहा टाकला. दोघं गोट्यांवर बसून प्यायले. दादा बोलत होता. त्या फरशीबद्दल नाही, पण तिच्या अगदी जवळून. "मी जरा हट्टी आहे, मला माहीत आहे," असं तो पाण्याकडे बघत म्हणाला. "बाबाही तसेच होते." प्लंबर मान हलवत होता. दादाच्या खांद्यावरून त्याला पाण्याची कड दिसत होती. तिच्याजवळ एक पांढरा दगड होता. चहा सुरू झाला तेव्हा तो अर्धा बुडालेला होता. चहा संपला तेव्हा तो पूर्ण उघडा पडला होता आणि पाणी त्याच्या पलीकडे गेलं होतं. उरलेली धारही हिरवी राहिली नव्हती. ती गढूळ झाली होती आणि तिच्यातून पालवीसकट तुटलेल्या फांद्या वाहत येत होत्या.

सात वाजले. साडेसात. दादा खरंच मासे धरायला गेला आणि दर माशागणिक ओरडून दाखवू लागला. प्लंबर तंबूच्या दोऱ्या उगाचच सोडत आणि बांधत होता. आत्ता बोलतो, असं तो मनाशी चार वेळा म्हणाला.

आठला बायको बाहेर आली. तिने नदी पाहिली नाही. नवऱ्याचा चेहरा पाहिला.

"काय झालं?"

"काही नाही."

"अहो. काय झालं?"

त्याने सांगितलं. अगदी हळू आवाजात, जणू दादाला ऐकू जायला नको. दरड, तुंबलेलं पाणी, आणि ती फुटली तर काय होईल. तिने हाक मारली. "दादा! इकडे ये. आत्ता."

दादा हातात मासा घेऊन आला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा आखडत गेला. "झालं का सुरू? इथेही गळती?"

"दादा, मागच्या वेळेस तू हेच म्हणाला होतास," बायको म्हणाली.

तो चिडून काहीतरी बोलणार होता. पण बोलायच्या आधी त्याने वळून पाहिलं. पंधरा मिनिटांपूर्वी ज्या खळग्यात तो पोटऱ्यांपर्यंत उभा होता, तिथे आता घोटाही बुडाला नसता. पक्षी उडून गेले होते. एकही उरला नव्हता. दादाच्या हातातून मासा खाली पडला आणि तो उचलायला कुणी वाकलं नाही.

"फुटायला किती वेळ?" त्याने विचारलं. आवाज बदललेला होता.

"मला काय माहीत. आत्ताही फुटेल. उद्याही."

"सामान राहू दे. वर चला." दोन पावलं टाकून तो थांबला. "खाली ते म्हातारा-म्हातारी आहेत. नदीच्या मध्ये."

तिघांनीही फोन काढून पाहिले. कुठल्याही फोनला रेंज नव्हती. कालपासूनच नव्हती.

"मी जातो," प्लंबर म्हणाला.

"तुम्ही? या गुडघ्यांनी? दोन दगड ओलांडून बसाल." दादाने लाइफ जॅकेट चढवलं, शिट्टी गळ्यात घातली. "हिला वर घेऊन जा. काठाच्या बरेच वर. मी पळतो."

"दादा, काठाने जाऊ नकोस, झाडीतून जा," बहीण ओरडली.

"झाडीतून तासभर लागेल," तो म्हणाला, आणि उघड्या पडलेल्या पात्रातल्या दगडांवरून उड्या मारत निघाला. पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस. वळणापाशी त्याचा पाय घसरला, तो हातावर पडला, उठला आणि दिसेनासा झाला. शिट्टी मात्र बराच वेळ ऐकू येत होती.

नवरा-बायको चढण चढू लागले. ओल्या पानांवरून पाय मागे सरकत होता. मुळं धरून, कधी हातापायांवर, ते वर गेले, आणि उंच काठावरून प्रवाहाच्या दिशेने चालू लागले; त्याच्या गुडघ्यांमुळे वेग इतका कमी होता, की तासाभरानेही मागे तंबू दिसत होता. बायको मोजत होती. आता तो अर्ध्यावर असेल. आता पोचला असेल. प्लंबरच्या डोक्यात वेगळाच हिशेब चालला होता: सहा ते आठ.

पावणेदहाला वारा सुटला. नदीकडून, वरच्या अंगाने, गार आणि जोराचा, आणि त्याला वास होता, चिखलाचा आणि ताज्या फोडलेल्या लाकडाचा. झाडं एका बाजूला कलली. मग आवाज आला. बायकोने दोन्ही हातांनी कान झाकले आणि तिथेच खाली बसली.

वरच्या वळणावरून जे आलं ते पाण्यासारखं दिसत नव्हतं. तपकिरी भिंत होती, आणि तिच्या माथ्यावर पाइनची झाडं उभीच्या उभी, मुळांसकट, डुलत येत होती. त्यांचा तंबू, होड्या, चहाची भांडी होती त्या जागेवर ती क्षणभर अडखळल्यासारखी झाली आणि मग तिथे काहीच उरलं नाही. ते दोघं साठ-सत्तर फूट वर होते. तरी चिखलाचे शिंतोडे त्यांच्या तोंडावर आले. पाणी जात राहिलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. बायको ओठ हलवत होती, पण काही ऐकू येत नव्हतं.

एकाच्या सुमाराला त्यांना दादा सापडला. तो चढणीवर एका झाडाला पाठ टेकून बसला होता. चेहरा चिखलाने माखलेला, डावा हात विचित्र वाकलेला. उजव्या हाताने त्याने आजींना घट्ट धरून ठेवलं होतं. त्यांच्या एका पायात बूट नव्हता. त्या नदीकडे बघत होत्या आणि दर थोड्या वेळाने उठायचा प्रयत्न करत होत्या, आणि दर वेळी दादा म्हणत होता, "नाही आजी. बसा. नाही."

काय झालं ते त्याने नंतर, हात प्लास्टरमध्ये असताना, सांगितलं. तो बेटावर पोचला तेव्हा दोघं आवराआवर करत होती. त्याने शिट्टी मारली, ओरडला. आजोबांनी लगेच विश्वास ठेवला, वाद घातला नाही. तिघं कोरड्या पात्रातून काठाला आली. तिथे आजोबांनी खिसे चाचपले. गाडीची किल्ली तंबूतल्या पिशवीत राहिली होती. "दहा मिनिटांत येतो," ते म्हणाले. दादाने दंड धरला, तर त्यांनी तो सोडवून घेतला. "अहो, किल्लीशिवाय घरी कसं जाणार आम्ही?" अगदी साधेपणाने म्हणाले. दादा त्यांच्यामागे उतरला. निम्म्या वाटेवर असताना वारा आला, आणि तो उलटा फिरला. "मी उलटा फिरलो रे." त्याने मेहुण्याला पहिल्यांदाच अरेतुरे केलं.

आजोबा चौथ्या दिवशी सापडले, खाली धरणाच्या पाण्यात, ओंडक्यांच्या गर्दीत.

दादाने ही गोष्ट भेटेल त्याला सांगितली. आमचे जावई नसते तर आम्ही तिघंही गेलो होतो. माणसाने नुसतं पाणी बघून ओळखलं. त्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमधली मुलं प्लंबरला रस्त्यात ओळखू लागली. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी छत पाडणाऱ्या कुटुंबाला पहिल्यांदाच जेवायला बोलावलं. प्लंबर अशा वेळी ताटाकडे बघत बसायचा. रात्री झोप येईना. बायकोला वाटलं, त्या भिंतीची भीती बसलीय. होईल कमी हळूहळू.

महिन्याभराने तिघं आजींना भेटायला गेली. तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. खिडकीशी शिवणाचं मशीन, त्यावर अर्धवट शिवलेला पडदा, दाराशी पुरुषाचे बूट अजून जागेवर. आजींनी चहा केला. दादाच्या हाताची विचारपूस केली. कप खाली ठेवले गेले तेव्हा त्या प्लंबरकडे वळल्या.

"तुम्हाला कधी लक्षात आलं? किती वाजता?"

"आठला," दादा म्हणाला. "आठला यांनी सांगितलं आणि सव्वाआठला मी निघालोसुद्धा."

"आठला सांगितलं," प्लंबर म्हणाला. "लक्षात आलं सहाला."

दादाने त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू हा माणूस त्याला आत्ताच भेटत होता.

"दोन तास," आजी म्हणाल्या.

"हो."

"का नाही बोललात?"

त्याने उत्तर शोधलं. फरशी, चार महिने, दादाच्या हातातला तो चहाचा कप. यातलं काहीही या खोलीत मोठ्याने म्हणण्यासारखं नव्हतं. "हसतील असं वाटलं," तो म्हणाला.

आजींनी मान हलवली. मशीनच्या चाकावर हात ठेवला. "आम्हालाही दिसलं होतं सहाला," त्या म्हणाल्या. "हे म्हणाले, बरं झालं, बूट न भिजवता पलीकडे जाता येईल." मग त्यांनी कप गोळा केले. "पण आम्हाला त्याचा अर्थ माहीत नव्हता. तुम्हाला होता." आवाजात राग नव्हता. कापड मापून घ्यावं तसं त्यांनी ते मापून घेतलं होतं. "आता तुम्ही निघा. मला जरा पडायचंय."

दार लागलं. दादा एकदम दोन-दोन पायऱ्या उतरत पुढे गेला. दुसऱ्या मजल्यावर बायकोने नवऱ्याची बाही धरली.

"काय गरज होती हो? त्यांना कधी कळलं नसतं."

"विचारलं त्यांनी."

खाली रस्त्यावर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. दादा थांबलाय की निघून गेला, ते जिन्यातून कळत नव्हतं. तिने बाही सोडली नाही. दोघं उरलेल्या पायऱ्या उतरू लागले, त्याच्या गुडघ्यांमुळे एकेक करून, सावकाश.